पानांच्या पाठीची कीड

त्या साली मला पंच्याहत्तरावं लागलं होतं. महाबळेश्वरच्या आमच्या अंगणातलं कुंडीतलं अझेलियाचं झाड पांढुरकं पडलं. औषध फवारून मी थकलो.

सून म्हणाली, "मामंजी, टाकून द्या ते. बाकीच्या झाडांना कीड लागेल."

"खोकतो म्हणून मलाही ओसरीवर काढलंयस. दोघांना एकदमच टाक!"

ती हसली नाही. तिनं वाकून एक पान उलटलं. "बघा, तुमचं औषध वरून, किडे सगळे खालून."

माणसाचं थकणंही असंच पाठीला चिकटलेलं असतं. समोरून दिसत नाही, आणि आपण होऊन सांगणं मला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंडी माझ्या खाटेपाशी ओढली आणि साबणाच्या फडक्यानं एकेक पान पाठीकडून पुसत बसलो.