बॅटरीची गाडी

अमरावतीत आमच्या गल्लीचा रस्ता झाडणारी महापालिकेची गाडी रोज एकच ड्रायव्हर चालवायचा. डिझेलच्या त्या गाडीचा आवाज एवढा, की ओट्यावरून मी नुसता हात करायचो आणि तो मान हलवायचा. त्याचे ओठ सतत हलत असायचे. तंबाखूचा खर्रा चघळत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग धूर नको म्हणून बॅटरीवरच्या गाड्या आल्या. पहिल्याच सकाळी त्याची नवी गाडी हळूच जवळ आली. ब्रशांची खसखस तेवढी होती, आणि तिच्यातूनही त्याचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, यंदा पऱ्हाटी लावू नोको. पान्याचा काई भरोसा नाई. तूर पेर. आयकून राह्यला ना?"

गाडीत दुसरं कोणी नव्हतं. कानाला मोबाइलही नव्हता. चांदूर बाजारकडे शेती करणारा त्याचा थोरला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला, हे जुनी गाडी एकदा दारात बंद पडली तेव्हा त्यानंच मला सांगितलं होतं.

मला पाहताच त्यानं गाडी थांबवली.

"सर, मी बोलतो ते बाहीर आयकू येते काय?"

"नाही भाऊ, काहीच नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि तोंड मिटून पुढे गेला. आठवडाभर तो आमच्या घरासमोरून तसाच मुका जात राहिला.

त्या आठवड्यानंतर त्याची गाडी यायच्या वेळी मी उठून घरात जातो आणि दार लावून घेतो.