रिकामं जातं

आधी ओमाचं सांगतो, मग बाकीचं. जर्मनीतल्या या लहानशा गावात माझ्या डोक्यावर छप्पर आलं ते तिच्यामुळे. ओमा म्हणजे आजी. ती माझी कुणी लागत नाही. गल्लीतली पोरं म्हणतात म्हणून मीही म्हणतो.

मी रनाळ्याचा. आठवीत शाळा सोडली, नंदुरबारला एका हॉटेलात तंदूर शिकलो आणि ओळखीओळखीने इथल्या भारतीय हॉटेलात आलो. हॉटेलवरची खोली गळायला लागली तशी मालकाने ती खाली करायला सांगितली. दुसरी मिळेना. पक्का पत्ता नसला की इथे देशात राहायच्या परवान्याचं अवघड होतं. माझी झोपच उडाली. ओमा आमच्या हॉटेलला तिच्या बागेतली कोथिंबीर द्यायची. तिच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाली, "पाणचक्कीच्या माळ्यावर खोली आहे. चक्की बघायला लोक येतात त्या दिवशी हाताखाली ये. झालं भाडं."

ही पाणचक्की तिच्या पणजोबाची. ओढ्याचं पाणी पाटाने आणून लाकडी चाकावर सोडलेलं. आधी साऱ्या गावाचं धान्य इथे दळलं जायचं. तिच्या वडिलांनी त्याच चाकावर वीज काढून गल्लीत दिवे लावले. मग शहरातल्या कारखान्याचं पीठ पोत्यांनी यायला लागलं आणि दगड थांबले. दाराशेजारच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरल्या आहेत, सगळ्यात वरची माझ्या छातीला लागते. हे सगळं ओमा हळूहळू बोलून, हातवारे करून सांगायची. सुट्टीच्या दिवशी माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस. एरवी दिवसभर पाण्याचा आवाज. आईचा फोन यायचा, "काय करी ऱ्हायना रे भाऊ? जेवना का?" मी जेवलो म्हणायचो आणि फोन ठेवून द्यायचो.

एकदा लोक यायच्या दिवशी ओमा खाली चक्कीची हकीकत सांगत होती. मी वर, दळायच्या दगडांपाशी एकटा. तिने सांगून ठेवलं होतं, हाक मारली की चाकावर पाणी सोडायचा दांडा ओढ, दगड थोडा फिरू दे, नुसता आवाज ऐकवायचा.

दांडा ओढला. दगड फिरायला लागला, रिकामा. अंगावर काटा आला. आमच्याकडे रिकामं जातं कुणी फिरवत नाही; खुंट्याला हात घालायच्या आधी आई मूठभर दाणे टाकते. मी पळत खोलीत गेलो, आईने बांधून दिलेली दादर आणली, ज्वारीच ती, आणि दगडाच्या तोंडात ओतली. घरघर मऊ झाली. खाली गलका उठला. पन्हळीतून भरड थेट लोकांच्या बुटांवर पडत होती.

दांडा सोडला. जुनी वस्तू बिघडवली आपण, आता खोली गेली. बॅग भरायला घेतली.

ओमा गुडघा धरत जिना चढून आली. "हे कुणी शिकवलं?"

"आईने. रिकामं फिरवू नये म्हणते."

ती पेटीवर बसली. "रिकामं फिरवलं की माझे वडील कान पिळायचे. दगड दगडाला खातो म्हणायचे. म्हणून तर मी वरचा दगड जरासा उचलून ठेवलाय, वेड्या." खालून आणलेली भरड चिमटीत धरून तिने नाकाशी नेली. मग म्हणाली, "तुझी आई आणि माझे वडील एकाच शाळेतले दिसतात." तिची नजर बॅगेकडे गेली. "आणि हे काय? भाडं बुडवून पळतोस?"

"राहू मी?"

"मग खालचे बूट कोण पुसणार?"

फडकं घेऊन खाली गेलो. लोक हसत होते, मीही हसलो. संध्याकाळी जिना उतरताना ओमा दोनदा थांबली. पुढच्या खेपेला तिला ही चढउतर जमेल का, कोण जाणे.

शाळेत वर्गापुढे उभं केलं की मी मान खाली घालायचो. तरी रोज तिच्याकडून इथल्या भाषेची चार वाक्यं घेतो आहे. एक दिवस तिला खाली खुर्चीत बसवीन आणि तिच्या पणजोबापासूनची सगळी हकीकत लोकांपुढे उभा राहून मी सांगेन. तिचं एवढं तरी फेडीन.