आईच्या नावाची मोटर

आमच्या घरात चार फोन होते. एक बाबांचा, एक माझा, एक बहिणीचा आणि एक विहिरीवरच्या मोटरचा. आईला फोन नव्हता, आणि खरं सांगायचं तर बहिणीचं लग्न ठरेपर्यंत हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मोटरला फोन असणं आमच्याकडे नवलाचं नाही. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड घालायचं, घरी बसून फोन लावायचा, मोटर चालू. पुन्हा लावला की बंद. आमची पेटी स्वस्तातली, त्यामुळे फोन कुणाचाही आला तरी ती ऐकायची. वर एक बाई गोड आवाजात कळवायची, "मोटर चालू झाली आहे, धन्यवाद." आमच्या घरात धन्यवाद म्हणणारी ती एकटीच. सिम आईच्या नावावर घेतलेलं, म्हणून बाबांनी आपल्या फोनमध्ये तो नंबरही आईच्याच नावानं ठेवला होता. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

बाबांचं लाडकं अ‍ॅप म्हणजे पत्रिका बनवायचं. ते मीच टाकून दिलं होतं, कारण त्याआधी ते हवामानाचं अ‍ॅप उघडून रोज आभाळाशी भांडायचे. पत्रिकेचं अ‍ॅप आलं आणि भांडण मिटलं, पण गाव वैतागलं. कुणाचा वाढदिवस असो की कुणाची म्हैस व्यालेली असो, बाबांकडून गुलाबाच्या चौकटीत हार्दिक शुभेच्छा हजर. चुलत्यांच्या वगारीला त्यांनी फोटोसकट दीर्घायुष्य चिंतलं होतं.

बहीण मलकापूरला द्यायची ठरली, तेव्हा आईनं एकच विचारलं, "लेक गेल्यावर मी तिच्याशी बोलू कशी?"

"माह्या फोनवर बोल ना," बाबा म्हणाले.

बाबांचा फोन बाबांच्या खिशात आणि बाबा दिवसभर तालुक्याला, नांदुऱ्यात. 

लग्नाची पत्रिका अर्थातच बाबांनी अ‍ॅपवर केली. संपर्काच्या जागी कुणाचा नंबर टाकू, असं अ‍ॅपनं विचारलं. बाबांनी मोठ्या मनानं लिहिलं, वधूची आई, आणि यादीतून तिच्या नावाचा नंबर उचलला. आईचं नाव पत्रिकेत असं ठळक पहिल्यांदाच आलं होतं. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं आणि पत्रिका साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांना पाठवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून मोटर बिथरली. बाबा बंद करून घरी येईपर्यंत ती चालू झालेली असे. चालू केली की बंद. मांडवासाठी हरभरा काढून मोकळं केलेलं विहिरीजवळचं वावर पाण्यानं भरलं. मांडववाल्यानं खांब नुसता उभा धरला आणि तो आपणहून हातभर आत गेला. बाबांनी आधी वायरमन आणला. त्याला काही सापडेना, म्हणून मग एक जाणता आणला. जाणत्यानं पेटीखाली लिंबू ठेवलं. ते पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या गव्हात गेलं.

चौथ्या दिवशी मुलाची आई स्वतःच मलकापूरहून आली. चहाला हातसुद्धा लावला नाही.

"बस्त्यात शालू कोन्या रंगाचा घ्याचा, हे इचाराले मी तुमाले पाच खेपा फोन केला," त्या माझ्या आईला म्हणाल्या. "दर खेपेले तुमी मोटर चालू हाय, मोटर बंद हाय, इतकंच सांगता अन धन्यवाद म्हनून ठेवून देता. आमचं काई चुकलं काय?"

आई शांतपणे म्हणाली, "तो फोन वावरात राह्यते बाई. मले फोनच नाही."

बाबांनी पत्रिका उघडली, नंबर वाचला आणि अ‍ॅपला शिवी दिली. मला हसू आवरत नव्हतं. मग एकदम आवरलं. नवा फोन घेतल्यापासून माझा जुना फोन कपाटात पडून होता. काचेला एक तडा, बाकी ठणठणीत. तो आईला द्यावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी उठून तो काढून आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

आईनं तो उलटसुलट पाहिला, आधी विहीणबाईंना हिरवा शालू सांगितला, आणि मग तडक विहिरीवर जाऊन पेटीतलं सिम काढून आणलं.

"अन मोटरचं कसं?" बाबांनी विचारलं.

"सिम माह्या नावावर हाय ना? तिले हातानं चालू करा."

लग्न चिखलात लागलं, पण वेळेवर लागलं. पाहुण्यांनी एका हातात चपला धरून दुसऱ्या हातानं अक्षता टाकल्या.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी लाईट आली. बाबांनी सवयीनं ओट्यावरूनच मोटरला फोन लावला. तो बिझी होता. आत चुलीपुढे बसून आई मलकापूरशी बोलत होती. बहिणीला तिकडे करमत नव्हतं. बाबा दारात जाऊन उभे राहिले, एकदा खाकरले, पुन्हा खाकरले. आईनं फोनवर तळहात ठेवला.

"चालत जा ना जरा. लेक रडून राह्यली."

बाबांनी चपला घातल्या आणि विहिरीची वाट धरली.