दोन स्वल्पविराम आणि सुखदेवभाऊ

सुखदेवभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिलाईत, स्मृती नगरच्या घरात दुपारची भांडी आवरत होते. त्यांची मुलगी विजया बोलत होती. "आत्या, बाबा गेले. झोपेतच गेले," एवढंच म्हणाली. माझ्या तोंडून निघालं, "सुटले गं." फोन ठेवल्यावर मला त्या शब्दाची लाज वाटली. पण आता दीड महिना उलटून गेल्यावर वाटतं, तो शब्द खराच होता. आठ महिने ते अंथरुणाला खिळून होते. कूस बदलायलाही दोन माणसं लागायची. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःची पेन्सिल स्वतःच्या हाताने तासली, त्याला घोटभर पाण्यासाठी वाट पाहावी लागत होती. ते सुटले, आणि त्यांच्यामागे मीही एका जुन्या गोष्टीतून सुटले आहे. ती गोष्ट सांगायची तर भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता त्या दिवसांत जावं लागेल.

माझे बाबा भंडाऱ्याकडचे. शेती धाकट्या काकांवर सोपवून ते भिलाईला आले आणि एका ठेकेदाराकडे खलाशी म्हणून लागले. खलाशी म्हणजे दोर, साखळ्या आणि कप्प्या लावून अवजड लोखंड उचलणारा, हलवणारा माणूस. आम्ही टिनाच्या शेडमध्ये राहायचो. दिवसभर जमिनीत खांब ठोकण्याचा आवाज चालायचा आणि फळीवरच्या पितळी वाट्या आपोआप सरकत कडेला यायच्या. मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले होते. दुर्गला टायपिंग शिकत होते, बोटं वेगाने चालायची, पण जे टाइप करायची त्यातलं निम्मं कळत नसे. बाबांनी कोणाकडून तरी ऐकलं, की सेक्टर दोनमध्ये आपल्याकडचा एक माणूस राहतो, कारखान्याच्या नकाशाच्या ऑफिसात ट्रेसर आहे, म्हणजे नकाशे पारदर्शक कागदावर उतरवतो, आणि रविवारी पोरांना इंग्रजी शिकवतो, फुकट. आईला ते फारसं रुचलं नाही. सुखदेवभाऊ बौद्ध होते, धम्मदीक्षा घेतलेले, आणि त्यांची मूळ जात आईला ठाऊक होती. "शिकाले जा," ती म्हणाली, "पण पाणी घरूनच पिऊन जात जा." मी तसं करत होते. त्यांची बायको यमुनावहिनी दर रविवारी चहाचं विचारायच्या आणि मी दर रविवारी नको म्हणायची. भाऊ-वहिनी दोघांनाही कारण कळत असणार. त्यांनी ते कधी माझ्यासमोर बोलून दाखवलं नाही.

भाऊंचं शिकवणं वेगळंच होतं. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते आणि भाऊ मिशनच्या शाळेत शिकले होते. तिथली एक अमेरिकन बाई फळ्यावर वाक्यांची चित्रं काढायची. तेच भाऊंनी उचललं. ऑफिसात वाया गेलेल्या ट्रेसिंग कागदाचे तुकडे ते घरी आणत आणि त्यावर पट्टीने एक आडवी रेघ मारत. रेघेवर आधी कर्ता, मग क्रियापद, आणि दोघांच्या मधून रेघेला आरपार कापणारी एक उभी रेघ. विशेषणं खाली तिरप्या काड्यांवर. मला गंमत वाटायची. खरी अडचण आली ती 'हू' आणि 'विच'ने. 'द मॅन हू केम यस्टरडे इज माय ब्रदर' या वाक्यात दोन क्रियापदं कुठून आली, हे मला कळेना. भाऊंनी खाली दुसरी आडवी रेघ मारली, तिच्यावर 'हू केम यस्टरडे' लिहिलं आणि 'हू'पासून वरच्या 'मॅन'पर्यंत ठिपक्या-ठिपक्यांची रेघ ओढली.

"आपल्या बोलीत कसं म्हणशीन?" त्यांनी विचारलं.

"जो माणूस काल आला, तो माहा भाऊ हाय."

"हां. आपल्याकडे जो आन् तो, दोघं हात धरून चालतात. इंग्रजीत तो जो खाली लटकून राह्यते. पण कामाचा तोच हाय. त्याले काढून पाह्य."

मी काढून पाहिलं. 'द मॅन इज माय ब्रदर.' कोणता माणूस, ते कळेना. मग त्यांनी दुसरं वाक्य दिलं, 'माय फादर, हू केम यस्टरडे, इज इल.' इथे खालची रेघ पुसली तरी बाप बापच राहत होता. "बाईच्या पद्धतीत दोन्हीचं चित्र सारखंच निघते," ते म्हणाले. "मले ते पटलं नाही, म्हणून मी माही खूण केली." ज्या खालच्या वाक्यावाचून नाव ओळखूच येत नाही, तिथे ते ठिपक्यांच्या रेघेच्या टोकाला शाईचा भरीव ठिपका देत. नकाशात रिवेट, म्हणजे लोखंडी पत्रे जोडणारा खिळा, दाखवतात, तसा. जे नुसतं माहितीपुरतं असेल, तिथे टोक मोकळं. "आन् मोकळं असन तर दोन्हीकून कॉमा. रिवेट असन तर कॉमा नाही. एवढं ध्यानात ठेव." मी मान डोलावली. मान डोलावणं आणि ध्यानात ठेवणं यात किती अंतर असतं, ते पुढे कळलं.

त्याच वर्षी बाबांच्या ठेकेदाराच्या साइट ऑफिसात मला टायपिस्टची नोकरी मिळाली. घरात पेढे वाटले. ऑफिस म्हणजे टिनाचीच शेड, एक टाइपरायटर, प्रती काढायचं एक सायक्लोस्टाइलचं यंत्र, एक बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, आणि एक दक्षिणेकडचे इंजिनिअर साहेब. मी लागून तीन आठवडे झाले असतील. एका शनिवारी साहेबांनी हाताने लिहिलेला एक मसुदा माझ्या टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले. काम कमी झालं होतं, माणसं कमी करायची होती. वाक्य एकच होतं. 'टेम्पररी वर्कमेन हू जॉइन्ड आफ्टर द रेन्स विल बी डिस्चार्ज्ड.' पावसानंतर जे तात्पुरते कामगार लागले, त्यांना काढण्यात येईल. मला ते वाक्य लांबलचक वाटलं, वाचताना दम घ्यायला जागा नाही असं वाटलं. म्हणून स्टेन्सिल कापताना, म्हणजे छपाईच्या मेणकागदावर टाइप करताना, 'वर्कमेन'नंतर एक आणि 'रेन्स'नंतर एक, असे दोन स्वल्पविराम मी ठोकले. चांगलं दिसलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

सोमवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते आणि बाबा परत आले. डबा तसाच भरलेला. खाटेवर बसले आणि म्हणाले, "सगळ्याईले काढलं. जेवढे टेम्पररी हायत तेवढ्याईले." बाबा तर पावसाच्या आधीपासून कामावर होते. फाटकावर बडेबाबूंनी कोणाचंच हजेरीचं टोकन घेतलं नव्हतं. कागद दाखवून ते म्हणाले होते, "साफ लिखा है, टेम्पररी वर्कमेन डिस्चार्ज. बीच में जो लिखा है वो तो ऐसे ही है।" सत्तर-ऐंशी माणसं फाटकाबाहेर उभी होती. आईने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. थोड्या वेळाने बाबा उठले आणि पुन्हा फाटकावर जाऊन उभे राहिले.

मी ऑफिसात गेले आणि मसुदा आणि छापलेला कागद शेजारी शेजारी ठेवला. तरीही माझ्या नजरेला काही दिसेना. बडेबाबूंना कसं विचारायचं ते सुचेना. पोटात दुखतं असं सांगून मी निघाले आणि दोन्ही कागद घेऊन जेवणाच्या सुट्टीच्या वेळी सुखदेवभाऊंच्या ऑफिसाबाहेर जाऊन उभी राहिले. ते हातात डबा घेऊनच बाहेर आले. झाडाखाली बसून त्यांनी दोन्ही वाक्यांची चित्रं काढली. पहिल्याच्या टोकाला ठिपका भरला. दुसऱ्याचं टोक मोकळं सोडलं, म्हणजे पावसाची अट नुसती माहिती झाली आणि सगळेच तात्पुरते कामगार त्यात आले. मग छापलेल्या कागदावर बोट ठेवलं.

"ह्या दोन टिकल्या कोणं लावल्या?"

"मी लावल्या भाऊ."

"कावून?"

"चांगलं दिसन म्हून."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा बंद केला, झाकण नीट बसलंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "चाल." आमच्या साहेबांशी त्यांचा काही संबंध नव्हता. दुसऱ्या ऑफिसातला एक साधा ट्रेसर ठेकेदाराच्या इंजिनिअरला व्याकरण सांगायला निघाला होता. साहेबांनी हाकलून दिलं असतं, वर तक्रार केली असती, तर त्यांच्याच नोकरीवर आलं असतं. वाटेत मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तुहा बाप फाटकावर उभा हाय ना? मंग चाल लवकर."

साहेब टेबलाशी होते. भाऊंनी ट्रेसिंगचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला आणि हळू आवाजात, जपून इंग्रजीत समजावून सांगितलं. साहेबांचा मसुदा काय म्हणतो, छापलेला कागद काय म्हणतो, आणि फाटकावर बडेबाबूंनी काय केलंय. साहेबांना फाटकावरचा प्रकार ठाऊकच नव्हता. त्यांनी मसुदा पाहिला, कागद पाहिला, मग हिंदीत विचारलं, "मैंने कॉमा नहीं दिया था। टाइप किसने किया?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "साब, स्टेन्सिल में कभी-कभी सुई की नोक लग जाती है। स्याही निकल आती है। नया स्टेन्सिल काटना पड़ेगा।" साहेबांनी तो कागद उजेडात धरला. शाईचे डाग असे शेपटीवाले निघत नाहीत, हे कोणालाही कळलं असतं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नया काट दो। अभी।" मी कापला. त्या दिवशी एकेक अक्षर मी मसुद्याशी ताडून ठोकलं. दुपारपाळीच्या भोंग्याआधी बाबांची गँग आत गेली. खिडकीतून बाबांचं पांढरं मुंडासं दिसलं आणि मी टाइपरायटरवर डोकं टेकलं.

पण पावसानंतर लागलेले दहा-अकरा जण बाहेरच राहिले. वाक्याचा खरा अर्थच तो होता. पुढच्या रविवारी मी भाऊंना म्हटलं, की सगळं बरोबर झालं. ते म्हणाले, "वाक्य बरोबर झालं. त्या दहा जणाईचं काय बरोबर झालं?" त्या रविवारी आमचा अभ्यास झाला नाही. ती माणसं ओसरीवर बसली होती आणि भाऊ एकेकाचा अर्ज लिहीत होते, मी टाइप करायला घेऊन जाणार होते. त्यातले बरेचजण पुढे कुठे ना कुठे लागले. दोघांचं मात्र काहीच झालं नाही, ते गावी परतले. हेही इथे लिहायला हवं.

त्याच सुमारास एक गोष्ट घडली, तिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. एका संध्याकाळी आई स्वतः उठून सेक्टर दोनला गेली. मी सोबत होते. यमुनावहिनींनी पाट दिला. आई बसली आणि म्हणाली, "यमुनाबाई, चहा टाका ना जी थोडासा. चालून चालून घसा सुकला." वहिनी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, मग आत गेल्या. आई तो चहा बशीत ओतून सावकाश प्यायली आणि कप स्वतः विसळून ठेवू लागली, तर वहिनींनी तो हातातून काढून घेतला. त्यानंतर घरून पाणी पिऊन जायचं आई कधीच बोलली नाही.

मी मॅट्रिक झाले, पुढे कायमची नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. बाबा म्हातारे होऊन गेले, मग आई गेली. पण फाटकाबाहेर उभे राहिलेले बाबा माझ्या डोळ्यांपुढून हलले नाहीत. मुलीनेच बापाची नोकरी घालवली होती, अर्ध्या दिवसासाठी का होईना, आणि मी ते त्यांना कधी सांगितलं नाही. कितीदा ओठांवर आलं आणि गिळलं. बाबा शेवटच्या आजारात माझा हात धरून होते, तेव्हाही सांगता आलं नाही.

निवृत्तीनंतर भाऊ दुर्गला राहत होते. मागच्या दिवाळीनंतर मी तिथे त्यांना भेटायला गेले. तीच शेवटची भेट ठरली. आवाज खोल गेला होता, पण डोकं लख्ख होतं. का कोण जाणे, मी बोलून गेले, "भाऊ, त्या टिकल्याईचं बाबाले सांगाचं राहूनच गेलं."

ते छताकडे पाहत होते. हळूच म्हणाले, "त्याले मालूम होतं."

मला वाटलं, त्यांना काही भास होतोय.

"त्याच दिवशी संध्याकाळी आला होता तो माह्याकडे. विचारे, टिकल्या कोणाच्या. मी सांगून देल्लं. एका दिवसात दोन खोटं बोलणं मले नसतं जमलं." थोडं थांबून, दम घेऊन ते पुढे म्हणाले, "तो हासला. म्हणे, पोरीले समजू देजो नोको मले मालूम हाय म्हून. लाजून नोकरी सोडून देईन. तुह्या मायलेही सांगतलं त्यानं, घरी जाऊन."

म्हणजे आईने मागून घेतलेला तो चहा त्याचसाठी होता... मी भाऊंच्या खाटेशी बसून रडले आणि रडता रडता हसू लागले. यमुनावहिनी घाबरून आतून आल्या. इतकी वर्षं मी एकटीने उचललेलं ओझं घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते माझ्यासाठी लपवून ठेवलं होतं.

"आधी कावून नाही सांगतलं भाऊ?" मी विचारलं.

"त्याले शब्द देल्ला होता. आता तो नाही, मीबी चाललो. कोणं सांगतलं असतं मंग तुले?"

परवा पुन्हा दुर्गला जाऊन आले. त्यांची खोली वहिनींनी अजून रिकामी केलेली नाही. कारखान्याच्या त्या ठोकाठोकीत भाऊंचा उजवा कान कायमचा गेला होता, म्हणून पाहुण्याचं स्टूल नेहमी खाटेच्या डाव्या बाजूला असायचं. कोणी चुकून उजवीकडे बसलंच तर ते हाताने खूण करून त्याला इकडे बोलावून घेत. खाट आता रिकामी आहे, गादी गुंडाळून ठेवली आहे, पण स्टूल डावीकडेच आहे. वहिनी म्हणाल्या, झाडताना उचलते आणि परत तिथेच ठेवते. त्या चहा टाकायला आत गेल्या. मी स्टुलावर बसले. माझ्या बाबांबद्दल आणखी काही विचारायचं राहून गेलं होतं, ते मी रिकाम्या खाटेला, त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूने, हळू आवाजात विचारलं, आणि चहा येईपर्यंत तशीच बसून राहिले.