बत्तीस की बावीस

आप्पांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते, आणि परवाना हातात पडला तेव्हा त्या हाताला कंप सुटला होता. सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. आमच्याकडं महिन्यांची वर्षं झाली, एवढाच फरक.

आप्पा म्हणजे माझे वडील. पोलिसात हवालदार होते, पण सगळी नोकरी कोतात गेली. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. सकाळी साहेबलोकांना पिस्तुलं द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची आणि तेल-चिंध्या घेऊन पुसून ठेवायची. खंडेनवमीला कोतातल्या प्रत्येक हत्याराला झेंडूचं फूल वाहून ते घरी यायचे. घरच्या पाटावर आईची विळी, एक पाना आणि माझी कंपासपेटी मांडलेली असायची. त्या पाटाकडं बघून ते दरवर्षी म्हणायचे, "एक आपल्या नावाचं पाहिजे हितं."

मला हे खूळ वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. चोर यावा असं आमच्या घरात काय होतं?

साहेबांकडची नऊ एमएमची पिस्तुलं तुमच्याआमच्यासारख्यांना मिळत नाहीत. उरतात बत्तीस बोअर आणि बावीस बोअर. बत्तीसची गोळी जाड, बावीसची बारीक. आप्पांचं आधीच ठरलं होतं. जुन्या घाटाचं, लाकडी मुठीचं बत्तीस. "बत्तीस म्हंजे नऊचा धाकटा भाऊ. बावीस नेमबाजी शिकणाऱ्या पोरांचं," असं ते आईला समजावून सांगायचे आणि आई भाकरी थापता थापता मान हलवायची.

हत्यारांच्या दुकानात मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. दुकानदार आप्पांच्याच वयाचे, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांची एक रीत होती. ज्याच्या नावावर परवाना, त्यानं रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, त्यांच्यासमोर तीनदा मागं ओढून दाखवायची. नाही जमलं तर ते पिस्तूल त्याला द्यायचं नाही, मग तो आमदार का असेना. "बोअर कागदावर ठरत न्हाई साहेब, मनगटावर ठरतो," ते म्हणाले.

आप्पा हसले. हयातभर स्लाइडी ओढलेल्या माणसाला कोण शिकवतंय, असं ते हसू होतं. त्यांनी बत्तीसचं पिस्तूल उचललं, नळी भिंतीकडं केली आणि स्लाइड ओढली. ती जरा सरकली आणि त्यांच्या बोटांतून निसटून खट्टकन जागेवर गेली. त्यांनी धोतराला हात पुसला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी दातांखाली ओठ धरला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि बोटं नुसतीच घसरली.

मला ऑफिसला उशीर होत होता. खरं सांगायचं तर तेही कारण नव्हतं. मला त्यांची लाज वाटली. मी पिस्तूल त्यांच्या हातातून घेतलं, एका झटक्यात स्लाइड मागं ओढली आणि म्हणालो, "एवढं सोपं आहे. मी ओढून देत जाईन की." वर हसलोही.

"चोर आल्यावर तुम्हाला हाक मारायची व्हय त्यांनी?" चाचा म्हणाले. ते हसत नव्हते.

आप्पा खुर्चीत बसले. तळहाताकडं बघत राहिले, मग म्हणाले, "बावीस दावा." बावीसची स्प्रिंग मऊ असते, स्लाइड हलकी सरकते. त्यांनी तीनदा ओढली, चाचांनी वहीत नोंद केली आणि आम्ही घरी आलो.  मिटलं एकदाचं, असं मला वाटलं.

त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर बावीस ठेवलं ते विळीच्या मागं, दिसेल न दिसेल असं. पुढं निवडणूक लागली. निवडणुकीत परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ठाण्यात जायचं म्हणून आप्पांनी इस्त्रीची टोपी घातली. तिथल्या तरुण पोलिसानं पिस्तूल फिरवून बघितलं आणि सहज म्हणाला, "बावीस होय? आमच्या पुतणीकडं हाय की असलं. शाळेकडून खेळती ती." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आप्पांनी पावती घडी करून खिशात ठेवली, पण टोपी तिथंच टेबलावर विसरून आले.

त्यानंतर ते दर मंगळवारी बाजाराला जायला लागले. एकटेच, सिटी बसनं, आमच्या अक्कलकोट रस्त्यावरून थेट गावात. तीन तासांनी परत यायचे ते हातात एक मेथीची जुडी घेऊन, तीही माना टाकलेली. मी चिडायचो. "एका जुडीसाठी एवढ्या उन्हात जायचं काय अडलंय?" ते म्हणायचे, "पाय मोकळं होत्यात." काही महिन्यांनी ते बाजाराला जायचं थांबले. आणि पावसाळा सरता सरता गेले. झोपेतच गेले. खंडेनवमी आठ दिवसांवर आली होती.

परवाना माणसाबरोबर संपतो. पिस्तूल जमा करायला मी चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी वहीत लिहून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "हवालदारसाहेबांचा एक निरोप हाय तुमाला."

दर मंगळवारी आप्पा बाजारात नाही, त्या दुकानात जात होते. तेच बत्तीसचं पिस्तूल मागायचे, स्लाइड ओढून बघायचे. जमायचं नाही. चहा प्यायचे आणि निघायचे. चाचांना ते बघवेना. एका सोमवारी त्यांनी त्या पिस्तुलातली स्प्रिंग काढून जुनी, ढिली झालेली स्प्रिंग घातली.

"दुसऱ्या दिवशी आले. तीनदा ओढली, सलग. मग पिस्तूल मेजावर ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. म्हणाले, चाचा, हे आमच्या कोतात असतं तर मी बाद करून परत पाठवलं असतं."

चाचांनी बशी खाली ठेवली. "मी मान खाली घातली. तर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलले, पोरगा कधी आला तर त्याला सांगा, आप्पानं बत्तीसची तीनदा ओढली. बास, एवढाच निरोप. स्प्रिंगचं मी माझ्या मनानं सांगितलं. मेलेल्या माणसाच्या पोराशी खोटं बोलवंना मला."

म्हणजे मला दाखवायचं होतं. आठवड्यामागून आठवडे, त्या बसचे दांडे धरत, ते माझ्यासाठी जात होते. ज्या माणसाशी नातंगोतं नाही त्याला त्यांच्यासाठी एक स्प्रिंग बदलावीशी वाटली, आणि मला, पोटच्या पोराला, नुसतं गप्प बसणंही जमलं नव्हतं. चहा तसाच निवला. मी स्कूटर ढकलत चौकापर्यंत आलो, चालवायचं सुचेना.

घरी आई ओसरीत मेथी निवडत बसली होती. तिनं विचारलं, "दिलंस का नेऊन?"

"दिलं. चाचा सांगत होते, आप्पांनी बत्तीसची ओढली होती म्हणे. तीनदा."

आई मैंदर्गीची. फार आनंद झाला की माहेरची कानडी तोंडात यायची. "हौदा?" ती म्हणाली. खरंच का? मी म्हणालो, खरंच. मग ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "मला ठावं होतं. हात लई ताकदीचा हुता त्यांचा."

ती असेपर्यंत स्प्रिंगचं मी तिला सांगितलं नाही.