आईंच्या पेटीतला श्वास

आधीच सांगतो, या ग्रुपवर मी इतकी वर्षं फक्त टिंगल करायला येत होतो. कुणी लिहिलं की घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की खाली "झोप पूर्ण करा" अशी कमेंट टाकणारा तो मीच. आमच्या नागपूरच्या घरात भूतखेत हा शब्द जरी निघाला, तरी वडील ताडकन उठून टॉर्च हातात द्यायचे आणि म्हणायचे, चल, दाखव कुठंय. त्यामुळे माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितोय. कुणाला कारण सापडलं तर सांगा, खरंच उपकार होतील. नावं बदलली आहेत.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमची कंपनी लहानशी. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही एक वाचनपेटी बनवतो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वर मोठाली बटणं. बटण दाबलं की त्या दिवसाचं वर्तमानपत्र मराठीत वाचून दाखवते. सुरुवातीला आमचं ऑफिस मंडईच्या मागे एका इमारतीत होतं, आणि आवाज द्यायला कुणी कलाकार बोलवावा एवढी आमची ऐपत नव्हती. तेव्हा माझी बायको सुजाता म्हणाली, मी वाचते की. ती शाळेत मराठी शिकवायची. आवाज असा, की मागच्या बाकावरचा सुद्धा जागा राहील. कपाटाएवढ्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून आम्ही तिचं रेकॉर्डिंग केलं; त्यातले तुकडे जोडून पेटी कुठलाही मजकूर तिच्या आवाजात वाचायची. खाली भाजीचा टेम्पो रिव्हर्स घ्यायला लागला की थांबायचं, ती पाणी प्यायची, टेम्पो गेला की पुन्हा सुरू.

तिला फुफ्फुसाचा आजार होता, तो नुकताच कळला होता. वाचताना काही जाणवायचं नाही. पण प्रत्येक वाक्याआधी ती श्वास घ्यायची तो ऐकू यायचा — आधी एक छोटा, अडल्यासारखा, आणि लगेच दुसरा, पूर्ण. जिने चढून आलेलं माणूस दारात उभं राहून घेतं ना, तसा. साउंडचं काम बघणारी आमची अपर्णा हे श्वास कापून टाकणार होती. पण पेटी तपासायला पहिलं माणूस कोण, तर सुजाताची आई. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. त्यांनी कापलेलं ऐकलं, न कापलेलं ऐकलं, आणि म्हणाल्या, श्वास काढला तर माझी पोरगी राहते कुठं त्यात? अपर्णा कुणाचं ऐकणाऱ्यातली नाही, पण आईंचं ऐकलं. श्वास राहिले.

सुजाता काही वर्षांनी गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मला जमणार नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर माझा मेहुणा आईंना नागपूरला न्यायला आला. आई म्हणाल्या, मी इथंच बरी. झालं, त्या माझ्याकडेच राहिल्या. सोसायटीत लोक विचारायचे, म्हणजे सासूबाई जावयाकडे राहतात? मी म्हणायचो, हो, आणि जावई सासूबाईंकडे. आम्ही दोघंच उरलो होतो, कोण कुणाकडे राहतंय हे आम्हालाही नीट ठाऊक नव्हतं.

सकाळी मी चहा ठेवायचो, आई खिडकीशी बसून बटण दाबायच्या, आणि सुजाता पेपर वाचायला लागायची. खडकवासला धरणात पाणी किती राहिलं ही आईंची आवडती बातमी. त्यांचा त्या पाण्याशी संबंध बादलीपुरताच, पण रोज ऐकायच्या. खोटं कशाला बोलू, मीही ऐकायचो. गॅसपाशी उभा राहून, त्यांच्याकडे पाठ करून.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पेटीचा बोलण्याचा भाग एका लायब्ररीत असतो. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा, प्रोग्रामनं हवा तेव्हा वापरावा असा. आमच्या लायब्ररीच्या जुन्या व्हर्जनमध्ये सुजाताचा आवाज होता. पुढे नवी व्हर्जन आली, तिच्यात एका व्यावसायिक कलावतीचा आवाज — गोड, स्वच्छ, श्वासाबिसाची भानगडच नाही. ऑफिसच्या मशीनवर दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी, आपापल्या फोल्डरमध्ये. एका घरात दोन चुली असाव्यात तशा. पेटीत घालायचा प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड. त्याआधी कॉन्फिगर करावं लागतं, म्हणजे मशीनला सांगायचं, बाई गं, या दोघींपैकी कुठली घ्यायची. सगळ्या गिऱ्हाइकांना नवी, जुन्या पेट्यांतही तीच घालून दिली. आईंच्या पेटीसाठी मात्र मी वेगळं कॉन्फिगरेशन ठेवलं होतं — जुनीच शोध, नाही सापडली तर तिथंच थांब, नवीकडे वळू नकोस. टीममध्ये त्याला 'आईंचा बिल्ड' म्हणायचे. हसलं कुणी नाही.

मग ऑफिस हडपसरच्या आयटी पार्कमध्ये आलं. सामान हलवताना आयटीवाल्यांनी ते मशीन पुसून कोरं करून दिलं. बॅकअप होता, हो ना, असणारच. प्रोजेक्टचा होता आणि नव्या व्हर्जनचा होता. जुनी कोण वापरतं आता, असं त्यांना वाटलं. सुजाताची मूळ रेकॉर्डिंगही त्याच मशीनवर होती. मी भांडलो, ओरडलो... पण कुणावर? त्या पोरांनी सांगितलेलं काम केलं होतं. त्या दिवसापासून सुजाताचा आवाज या जगात एकाच ठिकाणी उरला होता, आईंच्या पेटीत. पेटीतून प्रत काढून ठेवायची म्हणत होतो, ती राहूनच गेली. मी आईंना काही सांगितलं नाही.

आणि पावसाळ्यात एक दिवस लाइट गेली, आली, परत गेली, आणि पेटी जळाली. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीची दोन दुकानं फिरलो. दुसऱ्या दुकानदारानं भिंगातून बघितलं आणि पेटी माझ्याकडे सरकवत म्हणाला, "साहेब, यातलं काही परत मिळणार नाही. बाहेर फार वेळ उभे राहू नका, गाडी उचलतात."

आईंना सांगावंच लागलं. त्यांनी पेटी मागून घेतली. रडल्या नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. सकाळी खिडकीशी बसायच्या, बंद पेटीवर हात ठेवून. मी पेपर वाचून दाखवायला लागलो तर म्हणाल्या, राहू द्या, तुम्हाला उशीर होतो. जेवण कमी झालं. मेहुण्याचा फोन आला तर घेईनात. सुजाता गेली तेव्हा आईंनी मला सावरलं होतं, आणि आता सुजाता दुसऱ्यांदा गेली होती आणि मला काही करता येत नव्हतं.

निदान पेटी तरी बोलेल, म्हणून मी ऑफिसमधून नवी पेटी घेतली. आवाज दुसरा असणार, त्याला इलाज नव्हता. दुपारची जेवणाची वेळ होती. आमची सगळ्यांचीच सवय आहे, कॉन्फिगर चालू करायचं आणि डबा उघडायचा, जेवण होईतो बिल्ड होतो. आईंची पेटी म्हटल्यावर बोटांनी आपोआप जुनीच कमांड टाकली, 'आईंचा बिल्ड'वाली. जेवायला बसल्यावर लक्षात आलं. जुनी व्हर्जन मशीनवर आहेच कुठं? ते लाल अक्षरांत एरर देऊन थांबलं असणार.

परत आलो तर थांबलं नव्हतं. बिल्ड पूर्ण झाला होता. स्क्रीनवर वरती ओळ होती, की जुनी व्हर्जन सापडली.

मी फोल्डर बघितलं. नव्हतंच. पूर्ण मशीन शोधलं, कुठंच काही नाही. अपर्णाला बोलावलं. ती म्हणाली, प्रोजेक्ट बॅकअपमधून आलाय, कॉन्फिगरनं मागचं उत्तर लक्षात ठेवलं असेल, तेच पुन्हा छापलं. असं होतं, मलाही पटलं. पण मग लायब्ररी नसताना बिल्ड पूर्ण कसा झाला? तयार प्रोग्राम उघडून बघितला तर तो नव्या व्हर्जनला जोडलेला. वळायला मनाई केली होती, तरी वळला होता. अपर्णा म्हणाली, "चालतोय ना? मग घेऊन जा. आई वाट बघतायत." मी तोच पेटीत टाकला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला आणि पेटी आईंच्या हातात दिली. आधी सांगून ठेवलं, आवाज सुजाताचा नाही. त्यांनी मान हलवली आणि बटण दाबलं. नवा, गोड आवाज सुरू झाला. एक बातमी झाली, दुसरी झाली. आई नुसत्या बसून होत्या. मला वाटलं उगाच आणली.

मग त्यांनी हात वर केला. "मिलिंदराव, गॅस बंद करा जरा."

मी बंद केला.

"बोलणारी दुसरी आहे," आई म्हणाल्या. "पण श्वास आपल्या सुजूचा आहे जी."

मी जवळ जाऊन बसलो. बातमी संपली. आणि पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आधी... एक छोटा श्वास, अडल्यासारखा, आणि लगेच दुसरा, पूर्ण. मग त्या परक्या बाईनं खडकवासल्याचं पाणी सांगितलं. पुन्हा वाक्य संपलं, पुन्हा तसंच. मी त्या श्वासाशेजारी वर्षानुवर्षं झोपलोय हो. मला दुसरं कुणी सांगायची गरज नव्हती. आई हसत होत्या.

मी इंजिनियर आहे, गप्प बसणाऱ्यातला नाही. ऑफिसात कॉन्फिगरचं लक्षात ठेवलेलं सगळं पुसलं आणि तीच कमांड पुन्हा दिली. लाल एरर देऊन थांबलं, थांबायला हवं तसंच. मग आईंच्या पेटीतला प्रोग्राम दुसऱ्या पेटीत घातला, तिथं श्वास नाही. नव्या व्हर्जनमधला एकूण एक आवाज अपर्णानं तपासला. त्यात श्वास नाहीच, विकत घेतानाच काढून टाकलेले. शेवटी तिला घरी बोलावलं. म्हटलं, तू तरी सांग, मला भास होतोय का. ती हेडफोन लावून बसली. थोड्या वेळानं काढून ठेवले, आईंच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "हा मी कापणार होते." त्यानंतर आम्ही दोघांनी हा विषय ऑफिसात काढला नाही.

आई पुन्हा जेवायला लागल्या. मेहुण्याचे फोन घ्यायला लागल्या. कधी कधी वाक्यांच्या मधल्या जागेत हळूच म्हणायच्या, हो गं, सावकाश. मी स्वयंपाकघरातून ऐकायचो. तो हिवाळा आमचा बरा गेला. उन्हाळा लागता लागता आई गेल्या, घरीच, झोपेत. शेवटच्या सकाळीसुद्धा पेपर ऐकला होता.

कार्यक्रम झाला, नातेवाईक पांगले. मेहुणा आईंचं एक लुगडं घेऊन गेला, पेटी माझ्याकडे राहिली. एवढ्या मोठ्या दुःखात एक वाईट, स्वार्थी आशा मला होती — निदान सुजाताचा श्वास आता माझ्याकडे आहे. सकाळी चहा ठेवला, खिडकीशी बसलो, बटण दाबलं.

गोड, स्वच्छ आवाज. वाक्याला लागून वाक्य. मध्ये काहीही नाही.

पेटी तीच, प्रोग्राम तोच. ऑफिसातल्या प्रतीशी जुळवून बघितला, एका अक्षराचा फरक नाही. अपर्णानं हेडफोन लावून ऐकलं, तिलाही श्वास सापडला नाही. त्या दिवशी मी लहान पोरासारखा रडलो. आईंसाठी रडलो, सुजातासाठी रडलो, आणि तो श्वास माझ्यासाठी नव्हता म्हणूनही रडलो.

कारण मला आजपर्यंत सापडलेलं नाही. ती आईसाठी थांबली होती, असं तुम्ही खाली लिहाल. लिहा. मी तसं म्हणणार नाही, मी असलं काही मानत नाही. पण अजून रोज सकाळी चहा ठेवतो, पेटीचं बटण दाबतो, आणि पहिली बातमी संपत आली की उठून गॅस बंद करतो.