हायली अनलाइक्ली

वडील निजाम सरकारच्या तहसील कचेरीत पेशकार होते, म्हणून मला हैदराबादच्या इंग्रजी शाळेत ठेवलं होतं. तिथल्या मिस शब्दांच्या जोड्या घोकून घेत. 'चान्स'आधी 'गुड' नाहीतर 'स्लिम', 'लाइक्ली'आधी 'हायली'. उद्याबद्दल बोलताना जोडी चुकता कामा नये, असं त्या म्हणत. माझी कधी चुकली नाही. बोलायला बुजणाऱ्या मुलीला पाठांतर बरं असतं.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, मूल होत नव्हतं. दिंद्रुडला तिच्या सासरी दुसरी सून आणायचं बोलणं निघालं, तेव्हा आईने तिच्या सासूबाईंना गळ घातली, की आधी मिशनच्या दवाखान्यातल्या मडमला दाखवू, मग काय ते ठरवा. सासूबाई अक्काला घेऊन बैलगाडीने आल्या. इंग्रजीसाठी मला सोबत नेलं.

मडमने अक्काला आत तपासलं, बाहेर येऊन हात धुतले आणि मला सांगितलं, मूल होणं 'हायली अनलाइक्ली' आहे.

"काय म्हनली?" आईने विचारलं.

"कठीण आहे म्हणते."

"कठीन आसतंयच की. पन होतंय."

"तसं नाही. बहुतेक नाही होणार."

"बहुतेक म्हंजी थोडं तरी हाय." आई सासूबाईंकडे वळली. "आयकलं का, इहीनबाई?"

"आयकलं. हैदराबादला शिकिवली पोरगी, अन् हां का न्हाई, येवढं सांगता येईना. आमचा गुरव कौल लावतो, तर उजवा का डावा सांगून मोकळा व्हतो."

मी मडमला पुन्हा विचारलं. तिने तेच दोन शब्द सावकाश म्हटले. त्यांत एक बारीक फट होती. आईच्या तोंडी ती दाराएवढी होत होती, सासूबाईंच्या तोंडी बुजून जात होती. तेवढीच बारीक ठेवणारा मराठी शब्द मला सापडेना.

अक्का पदर सारखा करत दारात उभी होती.

"न्हाई म्हन, बाई," ती मला म्हणाली. "लांबवू नको."

मी "नाही" म्हटलं.

सासूबाई उठल्या. आईने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नव्हे. अक्काचं गाठोडं गाडीतून स्वतः उतरवून दवाखान्याच्या ओट्यावर ठेवलं आणि गाडी हाकायला सांगितली.

अक्का त्यानंतर आमच्याच घरी राहिली. तिची सवत नांदायला आल्याचं कळल्यावरही आई मला चुलीपाशी बोलावून हळूच विचारायची, "नेमकं काय म्हनली व्हती गं मडम?"